झडती पुरी होऊ द्या

आमच्या शाळेत शिवी देणाऱ्या पोराला मी नुसता रागावतो, पण 'बिचारा' म्हणणाऱ्याला शिक्षा होते. ही शिक्षा शमीम मॅडमनी लावून दिली. म्हणणारा लहान असो की मोठा, त्यानं मुकाट्यानं उठायचं, मागच्या शेडमध्ये जायचं आणि खिचडी शिजवणाऱ्या सुमनबाईंच्या शेजारी बसून तांदूळ निवडायचे. सुमनबाईंना हा नियम भारी आवडला, कारण त्यांचं निम्मं काम परस्पर होऊ लागलं. पहिली शिक्षा मलाच झाली.

राळेगाव तालुक्यातली आमची शाळा चौथीपर्यंतची. मुख्याध्यापक मी, कारकून मी आणि शिपाई आला नाही की घंटा बडवणाराही मीच. मी यवतमाळहून एसटीनं येतो, म्हणजे शाळा सुरू होण्याची वेळ माझ्यापेक्षा ड्रायव्हरच्या हातात जास्त. शमीम मॅडम आमच्या शाळेच्या नव्हेत. त्या विशेष शिक्षिका. तालुक्यातल्या ज्या ज्या शाळेत चालायला, बोलायला, ऐकायला, पाहायला अडचण असलेलं मूल आहे, त्या त्या शाळेत स्कुटीवर हिंडायचं आणि त्या मुलाला बाकीच्यांत मिसळवायचं, हे त्यांचं काम. आमच्याकडे आठवड्यातून एकदा यायच्या. काम मुलांना शिकवायचं असलं, तरी त्यांचा निम्मा वेळ मोठ्यांना शिकवण्यात जाई, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नसे. उलट त्यात त्यांना जरा जास्तच मजा यायची.

पहिल्या दिवशी त्या आल्या, स्कुटी कडुलिंबाखाली लावली आणि मी खुर्ची पुढे केली तर बसल्याच नाहीत. सरळ तिसरीच्या पोरांमध्ये सतरंजीवर जाऊन मांडी घातली. मी ओळख करून देऊ लागलो. "ही निकिता राठोड. तांड्यावरची. पायांत ताकद नाही, बोलायलाही वेळ लागतो. पण बिचारी हुशार आहे हो."

"हुशार कोन हाय?" मॅडमनी विचारलं.

"ही, निकिता."

"अन् बिचारी कोन हाय?"

पोरं टकमक बघताहेत. "सर, हुशार हाय त हुशार म्हना न. मंधात बिचारी कायले घुसवली? चाला, उठा. सुमनबाईच्या घमेल्यात आज लय खडे हायत म्हनते."

मला वाटलं, गंमत चालली आहे. पण त्या थांबल्या होत्या. मी गेलो, तांदूळ निवडले. परत आलो तेव्हा अख्खा वर्ग त्यांच्याभोवती गोळा झाला होता. मुख्याध्यापकाला तांदूळ निवडायला लावणारी बाई पोरांच्या हृदयात न बसती तरच नवल!

पुढे एकदा वरून एक साहेब पाहणीला आले. चांगला माणूस, डोळ्यांत चटकन पाणी यायचं. निकिताच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "अरे रे, बिचारी." पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तेवढ्यात पहिलीतली टिकलीएवढी एक पोरगी उठली, तिनं साहेबांचं बोट धरलं आणि त्यांना चालवत चालवत मागच्या शेडमध्ये घेऊन गेली. साहेब हसत हसत घमेल्यापुढे बसले. त्यांनी शेरा काय लिहिला ते आठवत नाही, पण जाताना सुमनबाईंच्या खिचडीची तारीफ करून गेले.

मॅडमचं माहेर पांढरकवड्याचं. वडिलांचं हायवेवर गॅरेज. त्यामुळे स्कुटीच्या डिकीत खडू-चित्रांसोबत पाने, पक्कड, पंक्चरचं सोल्युशन असं सगळं असे. आणि ओढणीला ग्रीसचा एखादा डाग ठरलेला. निकिताला शिबिरात चाकाची खुर्ची मिळाली होती. गुळगुळीत फरशीवर पळेल अशी, बारीक चाकांची. आमच्या काळ्या मातीत ती दोन हात जायची आणि रुतून बसायची. मग निकिता घरी आणि खुर्चीत कोंबडी, असा प्रकार. मॅडमनी ती खुर्ची पांढरकवड्याला नेली आणि सायकलची जाडी चाकं बसवून आणली. "अब्बा म्हनते, गाडी कोनतीबी असो, टायर रस्ता पाहून टाकाचा," त्या म्हणाल्या. "आपुन उलटं करतो सर. रस्ता तसाच ठेवतो अन् पोट्टीले म्हनतो, तुह्यानं जमत नाई."

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं: "मदत विचारून करा, भांडन बिनविचारता करा." म्हणजे निकिताच्या खुर्चीला हात लावण्याआधी 'ढकलू का?' असं विचारायचं. पण खेळात तिनं रडी खाल्ली, तर इतरांशी भांडता तसं तिच्याशीही बिनधास्त भांडायचं. आम्ही मोठ्या प्रेमानं निकिताला लगोरीची पंच करून ठेवलं होतं. मॅडमनी ते पद त्याच दिवशी काढून घेतलं. "पंच होयाले म्हातारपन पडलं हाय," त्या म्हणाल्या. चेंडू निकिताच्या हाती आला. तिचा नेम इतका पक्का निघाला की व्हरांड्यात उभं राहून खेळ पाहणं मी बंद केलं.

पण त्यांची खरी कारागिरी दिसली ती निकिताच्या बोलण्यापाशी. निकिताचा एकेक शब्द घशातून ओढून काढल्यासारखा यायचा. चेहरा वाकडा व्हायचा, मान हलायची. आणि ती 'मले' म्हणाली रे म्हणाली की आम्ही सगळे तिचं वाक्य पुरं करून टाकायचो. पाणी पाहिजे? भूक लागली? घरी जायचं? शेवटी ती कंटाळून मान हलवायची आणि आम्हाला वाटायचं, बरोबर ओळखलं! मॅडमनी पोरांना सांगितलं, "निकिता बोलाले लागली की तिच्या खांद्यावर पाखरू येऊन बसते. मंधात कोनी बोललं की ते उडते. तिचं बोलनं झालं की आपोआप जाते. उडवाचं नाई." झालं. कुणी मध्ये तोंड घातलं की पोरं "पाखरू! पाखरू!" म्हणून ओरडू लागली. माझ्या घरीही मी बायकोचं बोलणं तोडलं की माझ्याच मनात पाखरू उडू लागलं.

असं सगळं छान चाललं होतं आणि मग तान्हा पोळा आला.

मोठ्यांच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा भरतो. चाकं लावलेले लाकडी बैल सजवायचे, दोरीनं ओढत मारुतीच्या देवळापुढच्या तोरणाखाली आणायचे आणि झडत्या म्हणायच्या. झडती म्हणजे चार ओळींचं यमक जुळवलेलं खट्याळ गाणं. त्यात कुणाची ना कुणाची टोपी उडवलेली असते, आणि ते संपलं की सारा गाव "हर बोला, हर हर महादेव" म्हणून गजर करतो. ज्याचा बैल देखणा आणि झडती खणखणीत, त्याला बक्षीस. बक्षिसं देणारे देवरावभाऊ, गावातले किराणा दुकानदार. माणूस मऊ, अगदी त्यांच्याच दुकानातल्या गुळासारखा.

त्या वर्षी निकितानं स्वतः झडती जुळवली होती. काय जुळवली ते कुणाला सांगत नव्हती, मॅडमलासुद्धा नाही. तिच्या वडिलांनी, प्रल्हाद राठोडनी, बाभळीचा बैल घडवून दिला होता. बैल साधाच, एक शिंग डुगडुगणारं. खुर्चीला दोरी बांधून तो बैल ओढत निकिता तोरणाखाली आली. गाव शांत झाला. ती म्हणाली, "टेक... डी... वर... पळ... स..."

तेवढंच. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी "हर बोला!" ओरडलं आणि सगळा गाव "हर हर महादेव" म्हणून गर्जला. डफडी वाजू लागली. निकिताचं तोंड उघडंच राहिलं. देवरावभाऊंनी डोळे पुसत पहिल्या नंबरचं दप्तर तिच्या मांडीवर ठेवलं. प्रल्हादचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू! आजवर त्या माणसाला गावानं असा मान कधी दिला नव्हता.

आणि गर्दीतून शमीम मॅडम पुढे आल्या. "देवरावभाऊ, थांबा. पोट्टीची झडती पुरी होऊ द्या."

"झाली न मॅडम. समजलं आमाले."

"काय समजलं? सांगा बरं मले."

देवरावभाऊ इकडेतिकडे पाहू लागले.

"अन् बैलाचं शिंग पाह्यलं काय? गळून राह्यलं. तिच्या वर्गातल्या ईश्वरीचा बैल पाहा, कसा सजवला तिनं. नंबर कायचा देऊन राह्यले तुमी?"

"जाऊ द्या न बाप्पा मॅडम," देवरावभाऊ काकुळतीला आले, "बिचारी..."

"तांदूळ! तांदूळ!" शाळेची सारी पोरं एका सुरात ओरडली. गाव खो खो हसला. हसणं देवरावभाऊंवर होतं, पण प्रल्हादला तो नियम काय माहीत? त्याला दिसलं ते इतकंच, की आपल्या पोरीच्या मांडीवर बक्षीस आहे, मास्तरीण ते नको म्हणते आहे आणि गाव हसतो आहे. त्यानं दप्तर उचलून टेबलावर ठेवलं, निकिताला खांद्यावर घेतलं आणि तांड्याची वाट धरली. खुर्ची आणि बैल तिथंच राहिले.

दुसऱ्या दिवशी निकिता शाळेत आली नाही. त्यानंतरही नाही. प्रल्हादनं निरोप धाडला: पोरगी आता घरीच राहील, शाळेत तिचा तमाशा होतो.

मॅडमना एवढं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "सर, गोष्ट बरोबर होती," त्या म्हणाल्या, "पन जागा चुकली. बापासमोर पोरीचं बक्षीस नाकारलं म्या. तिची शाळा सुटली त ते माह्यामुळं." मी म्हणालो, होईल ठीक. त्या म्हणाल्या, "ठीक होत नसते सर, करावं लागते." मग त्या दर फेरीला शाळा झाली की तांड्यावर जाऊ लागल्या. त्यांची स्कुटी दिसली की प्रल्हाद वावराकडे निघून जायचा. त्या निकिताच्या याडीजवळ, म्हणजे आईजवळ, बसायच्या, भाकरी-चटणी खायच्या, निकिताशी गप्पा मारायच्या आणि परत यायच्या. प्रल्हादबद्दल एक वाकडा शब्द नाही. शाळेत माझी पोरं विचारायची, "सर, निकिता कधी येईन?" लगोरीत कुणाचाच नेम धड लागत नव्हता.

एका दुपारी त्या मला सोबत घेऊन गेल्या. देवळापुढे राहिलेली खुर्ची त्यांनी स्कुटीच्या मागं बांधली होती. मी त्या खुर्चीसोबत स्कुटीवर कसा बसलो ते सांगत नाही. त्या दिवशी प्रल्हाद अंगणात होता. उठून जाणार, तेवढ्यात मॅडमनी खुर्ची उतरवली, आडवी केली आणि एकही शब्द न बोलता मागच्या चाकाचं पंक्चर काढायला बसल्या. प्रल्हाद थोडा वेळ पाहत राहिला. मग न राहवून पुढे आला आणि चाक धरलं. दोघांची डोकी चाकावर वाकलेली. ट्यूब घासून झाली, सोल्युशन लागलं, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, तुमी माह्या पोरीले चारचौघात हलकं केलं."

"केलं दादा. माफ करा," मॅडम म्हणाल्या. "ते तुमाले बाजूले घेऊन सांगाचं होतं. मले रागाच्या भरात सुचलं नाई."

भांडायला निघालेल्या माणसाला समोरचा एकदम कबूल झाला की भांडणाचं काय करावं ते कळत नाही. प्रल्हादचं तसं झालं. तो ट्यूब दाबत बसला.

"पन दादा, एक सांगा. झडती काय होती तिची?"

"टेकडीवर पळस."

"पुढं?"

प्रल्हादला सांगता येईना. तो घरातल्या घरात रोज त्या पोरीसोबत, पण त्यानंही तिला विचारलं नव्हतं.

निकिता ओट्यावर बसून ऐकत होती. मॅडम तिला म्हणाल्या, "सांगतं काय व? नसन सांगाचं त राहू दे." निकितानं माझ्याकडे पाहिलं. का कोण जाणे, मला ते बघणं बरं वाटलं नाही. मग तिनं सुरुवात केली. पहिली ओळ झाली. प्रल्हाद म्हणाला, "हो, हो, टेकडीवर पळस, मंग..." मॅडमनी पाना वर केला. तो थांबला. आम्ही सगळे थांबलो. शेजारची बकरी येऊन ट्यूब हुंगून गेली. निकिताची मान हलत होती, कपाळावर घाम आला होता, पण तिनं एकही शब्द सोडला नाही. सगळं जोडून झालं ते असं:

*टेकडीवर पळस, पळसाले फुलं,*
*सरायच्या आंधी शाळेत येते मुलं;*
*यष्टीले उशीर, सर म्हनते थांब,*
*हजेरीच्या आंधी खाते दोन जांब!*

जांब म्हणजे आमच्याकडे पेरू. स्टँडवरून पेरू घेऊन यायची मला सवय आहे आणि ती पोरांना दिसत नाही असा माझा समज होता.

प्रल्हादनं माझ्याकडे पाहिलं. "खरं हाय काय सर?"

"दोन नाही, एकच खातो," मी म्हणालो.

तो जो हसायला लागला! चाक हातातून सुटलं, याडी घरातून धावत आली, तिला सांगताना पुन्हा हसला. "सरायले हानते न पोट्टी! गावासमोर सरायले हाननार होती!" निकिताही हसत होती, सारं अंग हलवून. आणि हसता हसता प्रल्हादच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. ते मात्र हसण्याचं नव्हतं. "हे तिथं म्हटलं असतं..." तो म्हणाला आणि पुढचं बोलवेना. मॅडमनीही त्याचं वाक्य पुरं केलं नाही. त्याचं त्यानंच केलं, बऱ्याच वेळानं. "हे तिथं म्हटलं असतं न मॅडम, त लोकं रडले नसते."

"पह्यला नंबर आला असता का नाई, ते मले मालूम नाई," मॅडम म्हणाल्या. "पन लोकं सरायकडं पाहून हासले असते."

दुसऱ्या दिवशी निकिता आपल्या खुर्चीत बसून शाळेत आली, तेव्हा मी चक्क तिच्या आधी आलो होतो. धास्तीच तशी बसली होती.

पुढच्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या आधीच मॅडमची दुसऱ्या तालुक्यात नेमणूक झाल्याचं आम्हाला कळलं होतं. पोरांना त्यांनी सांगितलं नव्हतं. "सन हाय, कायले रडवाचं?" एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी त्या गर्दीत अगदी मागे, चक्कीच्या ओट्यावर उभ्या होत्या. निकिताचा नंबर आला. खुर्ची तोरणाखाली थांबली. देवरावभाऊंनी डफडीवाल्याच्या हातावर हात ठेवला. कुणी हललं नाही. कडेवरची पोरं तेवढी चुळबुळत होती.

*काळ्या वावरात कापसाचं बोंड,*
*मॅडमच्या गाडीचं वाकडं तोंड;*
*ब्रेक नाई लागत, हॉर्न नाई वाजत,*
*कोंबड्या पळते, मॅडम येते गाजत!*

बऱ्याच वेळानं शेवटचा शब्द पडला आणि मग जो गजर झाला, तो देवळाच्या शिखरावरची कबुतरं उडवून गेला. सारा गाव मागे वळून मॅडमकडे बघून हसत होता. मॅडमनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

निकाल लागला. पहिला नंबर ईश्वरीचा, दुसरा, तिसरा आणखी कुणाचा. निकिताला काही नाही. देवरावभाऊंनी कारणही खणखणीत सांगितलं: झडती एक नंबर, पण बैलाची झूल एका बाजूनं लोंबत होती. प्रल्हाद टेबलापाशी गेला आणि त्यानं असं काही भांडण मांडलं की बस. "झूल आत्ता लोंबली! इथं आल्यावर लोंबली! ईश्वरीच्या बैलाले त शेपटीच नाई, ते नाई दिसली काय तुमाले?" आणखी दोन बापही त्याच वादात उतरले होते. प्रत्येकाचं पोर पहिलं यायला हवं होतं. देवरावभाऊ कुणालाच दबत नव्हते.

निकिता गाल फुगवून बसली होती. मॅडम तिच्यापाशी आल्या. निकितानं मान फिरवली. मग एकेक शब्द ओढत म्हणाली, "मॅडम... तुमी... माह्यासाठी... काहून... नाई... भांडल्या?"

मॅडम पूर्ण ऐकेपर्यंत थांबल्या. "तुहा बाप भांडून राह्यला न," त्या म्हणाल्या. "माहं काय काम हाय आता?"

निकिताचा राग काही गेला नाही. मी समजूत घालायला वाकलो, तर मॅडमनी माझी बाही ओढली. त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा नुसता आनंदानं ओसंडत होता. "राहू द्या सर," त्या हळूच म्हणाल्या. "पाहा न कशी रागावली. बाकीच्या हरलेल्या पोट्ट्यांवानीच."

त्यांनी स्कुटी काढली. ब्रेक खरोखरच लागत नव्हता. पाय घासत घासत त्या वळणापर्यंत गेल्या. पोरं हात हलवत मागे धावली. निकितानं हात हलवला नाही. ती पाठ करून बैलाची झूल घट्ट बांधत बसली होती. वळणावर मॅडमनी एकदा मागे पाहिलं, तिला तशी पाहून मोठ्यानं हसल्या आणि निघून गेल्या.